दुर्गाबाईंचं काम

प्रश्न अभिनय शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. तिनं दुर्गा खोटे यांना 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई म्हणून पाहिलंय आणि 'बॉबी'मध्ये आजी म्हणून. बाकी जिथं जावं तिथं एकच वाक्य वाचायला मिळतं, 'कुलीन घरातून सिनेमात आलेली पहिली स्त्री'. एवढंच त्यांचं महत्त्व का, आणि आज काम करू पाहणाऱ्या मुलीनं त्यांच्यात नेमकं काय बघावं, असं तिनं विचारलंय.

मी आधी ध्वनिमुद्रणात होते, आता बरीच वर्षं आवाज आणि संवाद शिकवते. तेव्हा माझं उत्तर जरा कानाकडे झुकलेलं असणार, हे आधीच सांगून ठेवते.

त्या वाक्याचा निकाल पहिल्यांदा लावू. ते जसंच्या तसं खरं नाही. 1913 साली दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या मायलेकी पडद्यावर आल्या होत्या. त्यांना 'कुलीन' यादीतून का वगळतात? कारण त्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडणाऱ्या, परिस्थितीनं गांजलेल्या बायका होत्या. दुर्गा खोटे गिरगावातल्या, कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या, इंग्रजी सफाईनं बोलणाऱ्या. लोक कुलीन म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेकदा पैसा आणि इंग्रजी म्हणायचं असतं. पण वाक्य चूक असलं तरी त्यामागचा धक्का खरा होता. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, तोही 1913चाच, तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण बाई मिळालीच नव्हती. एकोणीस वर्षांनी तीच गोष्ट बोलपटात आली, तेव्हा तारामती म्हणून कॉलेजात शिकलेली, लग्न झालेली, दोन मुलांची आई उभी राहिली. साळुंक्यांपासून खोट्यांपर्यंतचं हे अंतर लक्षात ठेव, 'पहिली' शब्द सोडून दे.

जन्म 14 जानेवारी 1905चा. माहेरचं नाव विटा लाड. कुटुंब मूळचं गोव्याकडचं, घरात कोकणी. लग्न खोट्यांच्या श्रीमंत घरात लवकर झालं. पती विश्वनाथ इंजिनियर होते. पुढे सासरची श्रीमंती बुडाली, पती ऐन तारुण्यात गेले आणि बकुल, हरिन या दोन मुलांना वाढवायची जबाबदारी पदरात राहिली. सिनेमात येण्याचं कारण हे, इतकं साधं. कलेची ओढ वगैरे नंतरच्या लेखांतून त्यांना चिकटवली गेली. पोट भरण्यासाठी धरलेलं काम त्यांनी जन्मभर कामासारखंच केलं. पुढे जे जे सांगणार आहे ते मला या एका गोष्टीतून दिसतं.

सुरुवात वाईट झाली. मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मध्ये (1931) छोटी भूमिका मिळाली, चित्रपट पडला, आणि एवढ्या चांगल्या घरातली बाई कुठं जाऊन पडली म्हणून नातेवाइकांत आणि शेजारीपाजारी व्हायची ती चर्चा झाली. तिथंच गोष्ट संपली असती. पण कोल्हापूरच्या प्रभात कंपनीत व्ही. शांताराम पहिल्या मराठी बोलपटाची जुळवाजुळव करत होते. 'अयोध्येचा राजा' 1932 साली आला. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच, आणि तारामती दुर्गाबाई.

इथं जरा थांबते, कारण हा चित्रपट आजही पाहता येतो आणि विद्यार्थ्यांना मी हाच सगळ्यात आधी दाखवते.

त्या वेळी सेटवर काय चालायचं ते डोळ्यांसमोर आण. पार्श्वगायन अजून आलेलं नव्हतं, ते 1935 नंतरचं. म्हणजे नटानंच गायचं, तेही शॉट चालू असताना. साजिंदे चौकटीच्या बाहेर कुठंतरी आडोशाला बसलेले. माईक एखाद्या झाडामागे, खांबामागे लपवलेला नाहीतर डोक्यावर टांगलेला, आणि त्याची कक्षा वीतभर. मान वळवली की आवाज गेला. दिव्यांची धग अशी की मेकअप उतरायचा, पण पंखा लावायची सोय नाही, त्याची घरघर ध्वनिपट्टीत उतरते. कॅमेऱ्याचा आवाज नको म्हणून त्यालाही गुंडाळून ठेवायचे. त्यात हा चित्रपट मराठी आणि हिंदी असा दोन भाषांत एकाच वेळी तयार झाला, म्हणजे तोच प्रसंग, तेच रडणं, एकदा मराठीत झालं की पुन्हा हिंदीत. सेट तोच, कपडे तेच, शब्द तेवढे वेगळे. दोन भाषांमध्ये वाक्याचा वजनदार शब्द वेगळ्या जागी येतो, त्यामुळे श्वासही वेगळ्या जागी घ्यावा लागतो. हे मी कितीतरी वेळा वर्गात करून घेतलंय. पोरं तिसऱ्या वाक्याला गळपटतात.

आता त्या चित्रपटातलं बोलणं ऐक. आजूबाजूचे बरेच नट संगीत नाटकाच्या वळणाचे. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय, प्रत्येक अक्षर सुटं, वाक्याच्या शेवटी किंचित हेल. त्यात काही वावगं नाही, टेंबे तर त्या परंपरेतले फार मोठे कलावंत. पण माईकला ती सवय मानवत नाही. दुर्गाबाई व्यावसायिक रंगभूमीवरून आलेल्या नव्हत्या, त्यामुळे मोडायला ती सवयच नव्हती. त्यांचं बोलणं आजच्या मानानं साचेबद्धच वाटेल, 1932 साली 1932सारखंच बोलणार ना कुणीही. तरी एक फरक कानाला लागतो. त्या समोरच्या माणसाशी बोलतात. वाक्याच्या शेवटाला आवाज खाली उतरतो, जसा घरात बोलताना उतरतो. ध्वनिमुद्रकाला असा उतरता शेवट म्हणजे डोकेदुखी, आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा हलतच नाही. त्यांच्या काळातल्या कुणा ध्वनिमुद्रकानं कपाळाला हात लावला असेल असं मला उगीचच वाटत राहतं.

नाटकातून आलेली मुलं माझ्याकडे पहिल्यांदा माईकसमोर उभी राहतात, तेव्हा मला त्यांना सांगावं लागतं, 'माईक हा कान आहे, सभागृह नाही.' ही गोष्ट दुर्गाबाईंना कुणी शिकवलेली नव्हती. शिकवणार कोण? शिकवणारेही त्याच आठवड्यात शिकत होते.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र' आला. स्त्रीराज्याची राणी, सोबत खराखुरा चित्ता. तिचं त्या चित्त्याबरोबरचं छायाचित्र तू पाहिलं असशील. तारामती झालेल्या बाईला लगेच अशा दिमाखदार, हुकूम सोडणाऱ्या भूमिकेत घ्यायचं शांतारामांना सुचलं, कारण सहा फुटी पुरुषासमोरही न वाकणारी उभं राहण्याची तिची ढब त्यांनी हेरली असणार. ही ढब पुढे चाळीस वर्षं टिकली. पाठीचा कणा सरळ, हनुवटी किंचित वर, हात शांत. हातांकडे मुद्दाम बघ. त्या काळी हातवारे म्हणजेच अभिनय होता आणि या बाईचे हात जागेवर असतात.

पुढचा निर्णय माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात धाडसी होता, आणि त्याबद्दल फार थोडं बोललं जातं. तेव्हा नटनट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. महिन्याचा पगार, कंपनीचंच छत्र, दुसरीकडे काम करायला मनाई. दुर्गाबाई त्या चौकटीत अडकल्या नाहीत. चित्रपटागणिक करार करायचा आणि जिथं काम तिथं जायचं. म्हणून 1933 साली त्या कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा'त दिसतात, 1934 साली तिथंच ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता'त, पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर. 'सीता' व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. मग 1936 साली पुन्हा प्रभातमध्ये, आता पुण्यात, 'अमरज्योती'साठी. कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई, आणि मुलं लहान. आज आपण फ्रीलान्स म्हणतो आणि त्यात काही विशेष वाटत नाही. 1933 साली एका बाईनं पगाराची हमी सोडून असं हिंडणं म्हणजे काय, याचा विचार कर.

'अमरज्योती'तली सौदामिनी मात्र नक्की बघ. कायदा तिला तिच्याच मुलाचा ताबा नाकारतो, आणि ती समुद्री लुटारूंची म्होरकी होते. समोर चंद्रमोहन, ज्याचे डोळे बघितले की बाकीचे नट विसरायला होतात. शांतारामांनी ते डोळे जवळून टिपलेत. अशा माणसासमोर नटीला दोन रस्ते असतात, मोठ्यानं बोलायचं किंवा हळू. दुर्गाबाई बहुतेक ठिकाणी हळू बोलतात. 'अमरज्योती'ही व्हेनिसला गेला. त्यात सूड आहे, समुद्र आहे, भव्य देखावे आहेत, पण मला आठवते ती आईच. तिचा संताप घरातल्या बाईचा आहे, राणीचा नाही. यातलं श्रेय दिग्दर्शकाला किती आणि नटीला किती, हे मला ठरवता आलेलं नाही.

1937च्या सुमारास 'साथी'च्या निमित्तानं त्या निर्मितीतही उतरल्या. त्याबद्दल एवढंच.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तुला जोधाबाई आणि आजीच का माहीत? कारण त्यांनी नायिकेची खुर्ची लवकर सोडली, आणि स्वतःहून सोडली. 1941 साली आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'त ('चरणों की दासी' ही त्याची हिंदी आवृत्ती) त्या सासू झाल्या. सून वनमाला. दुर्गाबाईंचं वय तेव्हा छत्तीस. आज छत्तिसाव्या वर्षी नट्यांना सासूची भूमिका विचारली तर त्यांचे मॅनेजर फोन ठेवून देतील. त्यांनी ती घेतली, चोख केली, आणि बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेचा पुरस्कारही घेतला. पुढच्याच वर्षी 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी, दिग्दर्शक विजय भट्ट. कैकेयी हा सासूपेक्षा अवघड प्रकार. प्रेक्षक आधीच तिच्यावर रागावून थिएटरात येतात. 1943 साली सोहराब मोदींच्या 'पृथ्वीवल्लभ'मध्ये मृणालवती, कन्हैयालाल मुन्शींच्या कादंबरीतली. कडक, कोरडी, वैराग्यानं राज्य हाकणारी बाई कैद झालेल्या मुंज राजाच्या प्रेमात पडते. मोदी म्हणजे पारशी रंगभूमीचा घनगंभीर आवाज, वाक्यावाक्याला टाळीची जागा. त्या जुगलबंदीत दुर्गाबाईंनीही आवाज चढवलाय, म्हणजे तो येत नव्हता म्हणून त्या हळू बोलत नव्हत्या. निवड होती. हे कळावं म्हणून 'अमरज्योती' आणि 'पृथ्वीवल्लभ' लागोपाठ बघ.

रंगभूमीवर त्या चित्रपटातून नाव झाल्यावर आल्या, म्हणजे उलट्या वाटेनं. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त आनंदीबाई, आणि शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये मॅकबेथच्या बायकोची भूमिका. कैकेयी, आनंदीबाई, लेडी मॅकबेथ. नवऱ्याच्या हातून अनर्थ घडवणाऱ्या तीन बायका त्यांच्याच वाट्याला याव्यात, हा योगायोग नसावा. सोज्ज्वळ चेहऱ्याची बाई कट रचते तेव्हा प्रेक्षकाला जास्त भीती वाटते, हे निर्मात्यांना कळत होतं. 1958 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1968 साली पद्मश्री.

'मुघल-ए-आझम' 1960चा. तिथली जोधाबाई पुन्हा ऐक. अकबर पृथ्वीराज कपूर, म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीचा, 'सीता'तला त्यांचा राम. त्यांचा आवाज दरबारभर घुमतो, दिलीपकुमार मुद्दाम कुजबुजल्यासारखे बोलतात. बापलेकांच्या या दोन टोकांमध्ये आईला सूर शोधायचाय. दुर्गाबाई नवऱ्याशी बोलताना एका पट्टीत आहेत आणि मुलाशी बोलताना दुसऱ्या. नवऱ्यासमोर शब्द मोजून, मुलासमोर श्वास आधी आणि शब्द मागून. पडद्यावर त्या फार वेळ नाहीत, पण या चित्रपटात घर म्हणून जे काही जाणवतं ते त्यांच्यामुळे.

मला त्यांचं सगळंच आवडतं असं समजू नकोस. दोनशेहून जास्त चित्रपट केले, त्यातल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या कित्येक आया एकाच साच्यातल्या आहेत. पांढरी साडी, चष्मा, देवघर, डोळ्याला पदर. त्या प्रसंगांत त्या व्यवस्थित उभ्या राहतात, वाक्यं चोख टाकतात आणि घरी जातात. काही अभ्यासकांना याचं वाईट वाटतं. मला नाही वाटत. रोज कामावर जाणारा माणूस रोज शिखर गाठत नाही. फक्त तू शिकताना ते चित्रपट नको घेऊ, त्यातून साचाच उचलशील.

त्याच साच्यातून मधूनच एखादं काम उसळून येतं. 'अभिमान'मधली मावशी आठव. 'बिदाई'साठी (1974) फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पण मी तुला 'बॉबी'तल्या (1973) मिसेस ब्रॅगान्झावर थांबायला सांगेन. श्रीमंत घरातल्या मुलाला तिनं सांभाळून मोठं केलंय. त्याच्या वाढदिवसाच्या पार्टीला ती नातीला घेऊन येते, हातात घरी केलेला केक. त्या झगमगाटात तिच्याकडे कुणी धड बघत नाही. अपमान कुणी तोंडावर करत नाही, नुसती जागा मिळत नाही. दुर्गाबाई इथं रडत नाहीत. त्या आल्या तेव्हा खांदे जरा पुढे होते, उत्साहात. नंतर ते मागे जातात, एवढंच. आणि ही बाई जोधाबाईसारखी कणा ताठ ठेवून चालत नाही हेही बघ. चाळीस वर्षांची कमावलेली ढब त्यांनी एका आयेसाठी बाजूला ठेवलीय. वय अडुसष्ट.

पडद्याबाहेरचंही थोडं सांगायला हवं, कारण ते याच धाग्यातलं आहे. अभिनयावर सगळी भिस्त ठेवायची नाही म्हणून त्यांनी लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट तयार करणारी संस्था काढली, ती वर्षानुवर्षं चालवली. दूरदर्शनवर 1988 साली 'वागले की दुनिया' लागायची, ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. आर. के. लक्ष्मण यांचा मध्यमवर्गीय कारकून, दिग्दर्शक कुंदन शाह. ज्या बाईनं मूकपटाच्या अखेरीला सुरुवात केली तिच्या संस्थेनं छोट्या पडद्यावरची ती मालिका दिली, हे माझ्या वर्गातल्या मुलांना दरवेळी नवीन असतं. मुलगा हरिन तरुणपणीच गेला. त्याची पत्नी विजया खोटे म्हणजे आपल्या विजया मेहता. दीर नंदू खोटे यांची मुलं शुभा आणि विजू. म्हणजे 'शोले'तला कालिया हा सौदामिनीचा पुतण्या.

1983 साली दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे ज्यांनी त्यांना उभं केलं त्या शांतारामांना तो दोन वर्षांनंतर, 1985 साली मिळाला. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्या गेल्या.

'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र मिळवून वाच. शांता गोखल्यांनी ते इंग्रजीत आणलंय, पण तू मराठीतच वाच, कारण त्यातल्या वाक्यांना त्यांच्या बोलण्याची लय आहे. पैशांबद्दल त्या न लाजता लिहितात. नटीच्या आत्मचरित्रात हे फार क्वचित दिसतं.

आता अभ्यास. 'अयोध्येचा राजा'तला तारामतीचा कुठलाही पाच मिनिटांचा प्रसंग निवड. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त हात बघ. दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून बस आणि प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द कागदावर लिही, आवाज वर गेला की खाली आला याच्या बाणासकट. मग 'बॉबी'तला पार्टीचा प्रसंग घेऊन तेच कर. दोन्ही कागद शेजारी ठेव आणि पुढच्या वेळी येताना घेऊन ये. माझे स्वतःचे कागद आहेत, पण ते मी आधी दाखवणार नाही.